षष्ठीचे चिन्ह : मद्रासच्या इंग्रजीतील एका लहानशा खुणेचा इतिहास

दरवर्षी ५ सप्टेंबरला महाराष्ट्रातील शाळाशाळांच्या फळ्यांवर रंगीत खडूने 'टीचर्स डे' हे शब्द इंग्रजीत लिहिले जातात. लिहिणाऱ्या मुलांचा उत्साह दांडगा असतो, अक्षरही बहुधा वळणदार असते. परंतु पहिल्या शब्दाच्या शेवटच्या 'एस'पाशी येऊन हात थबकतो. स्वल्पविरामासारखी दिसणारी ती खूण एसच्या आधी, ओळीच्या वर द्यावयाची, एसच्या नंतर द्यावयाची, की मुळीच द्यावयाची नाही? तिन्ही प्रकार लिहिले जातात आणि गंमत अशी, की तिन्हींचा उच्चार तंतोतंत एकच होतो. अर्थ मात्र तीन होतात. खूण एसच्या आधी आली तर तो कोणा एकाच शिक्षकाचा दिवस ठरतो. नंतर आली तर साऱ्या शिक्षकांचा. आणि खूण नसेल तर 'शिक्षक' या शब्दाचे नुसते अनेकवचन उरते, दिवसाशी त्याचे नाते खुणेने सांगितले जात नाही.

ज्यांच्या जन्मदिनी हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो ते डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन हे मद्रासचे विद्यार्थी आणि मद्रासचेच शिक्षक. १९०९ साली ते तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवू लागले आणि पुढच्याच वर्षी शिक्षकी पेशाचे रीतसर प्रशिक्षण घेण्यासाठी शहराच्या सैदापेठ भागातील प्रशिक्षण महाविद्यालयात दाखल झाले. १८५६ साली स्थापन झालेली ही संस्था पुढे 'टीचर्स कॉलेज' म्हणूनच ओळखली गेली. तेथेही तोच एस आणि तीच खूण. भारतातील इंग्रजीचा आणि या खुणेचा इतिहास शोधू जाता पाऊल पुन्हा पुन्हा मद्रासकडे, म्हणजे आजच्या चेन्नईकडे वळते. मराठी माणसाच्या इंग्रजीचा आरंभही समजला जातो तसा केवळ मुंबईत आणि पुण्यात झालेला नाही. त्याचा एक जुना आणि विसरला गेलेला धागा याच शहरात गुंतलेला आहे.

प्रथम त्या खुणेविषयी. इंग्रजीत तिला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. तिचा मूळ अर्थ मालकी हा नव्हेच. फ्रेंच मुद्रकांनी ती वापरली ती गाळलेल्या अक्षराची जागा दाखवण्यासाठी, आणि सोळाव्या शतकात ती इंग्रजीत आली तीही त्याच कामासाठी. जुन्या इंग्रजीत नामांना संस्कृतप्रमाणे निरनिराळ्या विभक्ती होत्या. काळाच्या ओघात बाकीच्या झडून गेल्या आणि नामाच्या अंगावर एकटी षष्ठी तेवढी उरली. तिचा एक मुख्य प्रत्यय 'ई-एस' या दोन अक्षरांचा होता. बोलताना त्यातील 'ई' लोपली. लोपलेल्या अक्षराची खूण म्हणून मुद्रकांनी वर तो स्वल्पविराम टांगला. म्हणजे ज्या चिन्हाला आज मुले मालकीचे चिन्ह म्हणून ओळखतात ते वास्तविक एका हरवलेल्या स्वराचे स्मारक आहे.

ही व्युत्पत्ती इंग्रजांनाच बराच काळ ठाऊक नव्हती. 'राजाचा वाडा' असे म्हणावयाचे तर 'राजा त्याचा वाडा' असे लिहिण्याची एक पद्धत त्यांच्यात पडली होती आणि एस म्हणजे 'हिज' या शब्दाचाच संक्षेप, असे चांगली शिकलेली मंडळीही मानीत. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ सालच्या आपल्या प्रसिद्ध शब्दकोशात या समजुतीला छेद दिला. त्यांचा युक्तिवाद कोणाही शाळकरी मुलाला पटावा असा होता : हा एस स्त्रीवाचक नामांनाही लागतो, मग तो 'त्याचा' या शब्दापासून कसा आला असेल? तरीही खुणेची व्यवस्था पूर्ण झाली नव्हती. एकवचनी षष्ठीत एसच्या आधी खूण देण्याचा प्रघात सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळला. अनेकवचनी षष्ठीत ती एसनंतर द्यावी हा नियम त्याहीनंतरचा, अठराव्या शतकातला. ज्या नियमाच्या चुकीपायी आज मुलांच्या उत्तरपत्रिकेवर तांबडी रेघ उमटते तो नियम शेक्सपियरला माहीत नव्हता, कारण तो अस्तित्वातच नव्हता.

मद्रासची स्थापना नेमकी या घडामोडींच्या काळातली. १६३९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे याने कोरोमंडळ किनाऱ्यावरील वाळूची एक पट्टी स्थानिक नायकांकडून मिळवली आणि तेथे सेंट जॉर्ज किल्ला उभा राहू लागला. किल्ल्यातील सेंट मेरीज चर्चचे उद्‌घाटन १६८० साली झाले. किल्ल्याच्या नावात षष्ठी नाही, चर्चच्या नावात आहे. आणि या दोन वास्तूंच्या मधल्या चाळीस वर्षांत इंग्रजी लेखनातील ही खूण अजून चाचपडतच होती. किल्ल्यातले कारकून ज्या इंग्रजीत रोजनिशी लिहीत तिच्यात एकाच शब्दाची दोनतीन वर्णरूपे सुखाने नांदत असत.

याच दप्तरात मराठी इतिहासाचीही एक नोंद आहे. १६७७ साली दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराज मद्रासच्या परिसरात होते आणि विषावर उतारा म्हणून वापरल्या जाणाऱ्या काही दुर्मीळ वस्तूंची मागणी करणारे त्यांचे पत्र सेंट जॉर्ज किल्ल्यात पोहोचले. इंग्रजांनी त्या वस्तू निमूटपणे पाठवल्या. महाराजांचे नाव तेथील लेखनिकाने 'सेवाजी' असे कानाला जसे वाटले तसे उतरवून घेतले. मराठी नावाला इंग्रजी पोशाख चढवण्याचे हे मद्रासमधील फार जुने उदाहरण होय. त्याच सुमारास महाराजांचे सावत्र बंधू एकोजी यांची सत्ता तंजावरला स्थिरावली होती, आणि पुढील पावणेदोनशे वर्षे कावेरीच्या काठी मराठी ही राजभाषा म्हणून नांदली.

तंजावरच्या याच घराण्यातील एक मुलगा इंग्रजी शिकण्यासाठी मद्रासला राहिला, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही. तुळजाजी राजांनी दत्तक घेतलेला सरफोजी हा गादीच्या तंट्यात सापडला. त्याच्या जीविताची काळजी वाटून जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी त्याला १७९३ साली मद्रासला हलवले. तेथे वेपेरी भागात राहणारे दुसरे मिशनरी गेरिके यांच्याकडे त्याचे शिक्षण झाले. मराठी मातृभाषेचा, तमिळ प्रदेशात वाढलेला हा किशोरवयीन राजपुत्र एका जर्मन गुरूकडून इंग्रजी शिकत होता. १७९८ साली तो तंजावरच्या गादीवर बसला. सरस्वती महाल ग्रंथालयातील इंग्रजी पुस्तकांवर त्याच्या इंग्रजीतील सह्या आजही पाहावयास मिळतात.

सरफोजी वेपेरीत शिकत असताना जवळच एग्मोर येथे शिक्षणशास्त्राच्या इतिहासातील एक मोठा प्रयोग चालू होता. सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी असलेल्या आश्रमशाळेचे प्रमुख डॉ. अँड्र्यू बेल यांनी तमिळ मुलांना वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना पाहिले आणि तीच रीत आपल्या शाळेत आणण्याचे ठरवले. शिक्षकांना ही कल्पना रुचेना. तेव्हा बेल यांनी आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्यावर धाकट्यांना शिकवण्याची जबाबदारी टाकली, आणि तो शिक्षकांपेक्षा सरस ठरला. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची ही पद्धत 'मद्रास पद्धत' या नावाने पुढे इंग्लंडभर पसरली. १७९७ साली बेल यांनी तिचे वर्णन लंडनला छापले. धूळपाटीवर धुळाक्षरे गिरवणाऱ्या महाराष्ट्राला या वाळूचे नवल वाटण्याचे कारण नाही. नवल वाटावे ते याचे, की इंग्लंडमधील हजारो गरीब मुले आपली स्वतःची भाषा लिहावयास शिकली ती मद्रासच्या वाळूतून निघालेल्या रीतीने.

तिकडे इंग्लंडमध्ये १७९५ साली लिंडली मरे यांचे इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध झाले. यॉर्क येथील मुलींच्या एका शाळेतील शिक्षिकांच्या विनंतीवरून त्यांनी ते लिहिले होते. जगभर पसरलेल्या आणि अनेक दशके शाळांतून चाललेल्या या ग्रंथाचे मूळ मुलींच्या शाळेच्या गरजेत आहे, हे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. षष्ठीच्या खुणेचे नियम सर्वांच्या हाती पडले ते अशा शालेय व्याकरणांमुळे. म्हणजे सरफोजी, बेलची वाळू आणि मरे यांचे व्याकरण ही तिन्ही एकाच दशकातली.

सरफोजीने गादीवर आल्यावर तंजावरला देवनागरी छापखाना घातला आणि त्यातून १८०६ साली 'बालबोध मुक्तावली' हे पुस्तक बाहेर पडले. इसापाच्या कथांचा तो मराठी अनुवाद. मराठीतील आरंभीच्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते, आणि ते मुंबईत किंवा पुण्यात न छापता कावेरीकाठी छापले गेले होते. या पुस्तकाच्या निमित्ताने दोन भाषांतील षष्ठीचा फरक जवळून पाहता येतो. इंग्रजीत इसापाच्या नावाला एक एस आणि एक खूण लावली की काम भागते. पुढे कथा एक असो वा शंभर, एसमध्ये काही बदल होत नाही. मराठीत मात्र आधी 'इसाप' या नामाचे सामान्यरूप 'इसापा' करावे लागते, मग पुढील नाम पाहून 'चा, ची, चे, च्या' यांतील योग्य प्रत्यय निवडावा लागतो. इसापाचा कोल्हा, इसापाची गोष्ट, इसापाचे पुस्तक, इसापाच्या कथा. मराठी षष्ठी मालकाला लागते आणि मालमत्तेच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. इंग्रजी षष्ठीला मालमत्तेशी काही कर्तव्य नसते. तिला केवळ मालक एक की अनेक एवढेच विचारावयाचे असते.

आणि येथेच मराठी माध्यमाच्या मुलाची अडचण सुरू होते. सामान्यतः असे सांगितले जाते, की मुले इंग्रजी खुणेचे नियम पाठ करीत नाहीत म्हणून चुकतात. हे खरे कारण नव्हे. मराठीत आपण 'शिक्षक दिन' म्हणतो, 'बालदिन' म्हणतो, 'महिला महाविद्यालय' म्हणतो. हे सारे षष्ठी तत्पुरुष समास आहेत. समासात प्रत्यय लोपतो आणि त्याच्याबरोबर वचनही झाकले जाते. 'शिक्षक दिन' या शब्दात शिक्षक एक की अनेक हा प्रश्न मराठी मुलाच्या मनात उगवतच नाही, कारण त्याच्या भाषेने तो विचारलेलाच नसतो. इंग्रजी मात्र तो विचारल्यावाचून पुढे जाऊ देत नाही.

उपाय मराठी व्याकरणातच आहे. समासाचा विग्रह करावा. 'शिक्षक दिन' म्हणजे 'शिक्षकांचा दिन'. विग्रह करताच सामान्यरूपावर अनुस्वार येऊन बसतो. शिक्षकाचा, शिक्षकांचा, मुलीची, मुलींची, शाळेचे, शाळांचे. मालक अनेक आहेत हे मराठीत हा अनुस्वार सांगतो. जे काम इंग्रजीत एसनंतरची खूण करते तेच मराठीत सामान्यरूपावरचे टिंब करते, आणि तेही अधिक प्रामाणिकपणे, कारण अनुस्वार ऐकू येतो. इंग्रजी खूण केवळ डोळ्यांना दिसते. 'मुलाची' आणि 'मुलांची' यांत आंधळ्यालाही फरक कळतो. इंग्रजीतील 'बॉईज'ची तिन्ही रूपे कानाला एकच.

या अनुस्वाराकडे मराठी वर्गातही पुरेसे लक्ष दिले जात नाही, हेही येथे सांगावयास हवे. विभक्तीच्या तक्त्यात षष्ठीचे एकवचन 'चा, ची, चे' आणि अनेकवचन 'चे, च्या, ची' असे मुले घोकतात. वस्तुतः 'चे, च्या, ची' ही मालमत्तेच्या अनेकवचनाची रूपे आहेत, मालकाच्या नव्हेत. 'मुलाच्या वह्या' येथे मुलगा एकच आहे, वह्या अनेक आहेत. मालकाचे अनेकवचन तक्त्यात कोठेच दिसत नाही. ते सामान्यरूपावर टिंब होऊन बसलेले असते. १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीचे व्याकरण रचले तेव्हापासून तक्त्यांची परंपरा आपल्याकडे रूढ आहे, आणि तिचे उपकार मोठे आहेत. पण तक्ता पाठ असणे आणि भाषा उलगडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

विग्रहाच्या उपायालाही दोन अपवाद ठेवावे लागतात. पहिला सोपा आहे. इंग्रजीतील काही जुनी नामे एस न घेता आतला स्वर पालटून किंवा निराळा प्रत्यय लावून अनेकवचनी होतात. स्त्री, पुरुष, मूल या अर्थाचे इंग्रजी शब्द असेच आहेत. त्यांच्या अनेकवचनात मुळी एसच नसल्यामुळे खूण एसच्या आधी येते, जरी मराठी विग्रहात अनुस्वार असला तरी. १९१५ साली चेन्नईत सुरू झालेल्या 'विमेन्स ख्रिश्चन कॉलेज'च्या नावात हे उदाहरण आयतेच मिळते : विद्यार्थिनी हजारो, पण खूण एसच्या आधी.

दुसरा अपवाद अधिक रोचक आहे. तो आपल्या आदरभावातून निर्माण होतो. मराठीत 'वडिलांचे पत्र', 'गुरुजींची छडी', 'महाराजांचा किल्ला' असे म्हणताना व्यक्ती एकच असते, पण आदरासाठी अनेकवचन योजले जाते आणि अनुस्वार हजर होतो. हा अनुस्वार विश्वासाने इंग्रजीत नेणारा मुलगा 'वडिलांचे पत्र' लिहिताना एसनंतर खूण देतो आणि स्वतःला अनेक वडील बहाल करून बसतो. ही चूक निष्काळजीपणाची नाही. ती संस्कारांची आहे, आणि तपासणाऱ्याने ती हसून समजावून द्यावी अशी आहे. आईच्या बाबतीत मात्र ती होत नाही. 'आईचे पत्र' हे मराठीत एकवचनीच राहते, कारण आईला आपण 'तू' म्हणतो. व्याकरणातून घराच्या चालीरीती अशा डोकावतात.

चेन्नईच्या तमिळ मुलाला हा घोटाळा वेगळ्या रीतीने सुटतो. तमिळमध्ये शिक्षकाला 'आसिरियर' म्हणतात. त्यातील 'अर' हा शेवट आदराचा आहे. अनेक शिक्षक म्हणावयाचे असतील तर त्यापुढे 'गळ्' हा निराळा प्रत्यय लागतो. आदर आणि संख्या यांची खाती त्या भाषेने वेगळी ठेवली आहेत. शिक्षक दिनाला मात्र तेही 'आसिरियर दिनम्' असेच म्हणतात, म्हणजे समासात संख्या झाकण्याची मराठीची खोड तमिळलाही आहेच. प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे रूप पालटते हेही दोन्ही भाषांत समान. आपण 'घर'चे 'घरा' करून मग 'चे' लावतो. तमिळ माणूस 'वीडु'चे 'वीट्टु' आणि 'मरम्'चे 'मरत्तु' करतो. तंजावरच्या मराठी कुटुंबांत या दोन्ही भाषा एकाच घरात बोलल्या जात. व्याकरणाची ही दुहेरी तालीम त्या घरांतील मुलांना जन्मापासून मिळत असे.

अशाच एका घरात, कुंभकोणम येथे, १८२८ साली टी. माधवराव यांचा जन्म झाला. १८४१ साली मद्रासला सुरू झालेल्या सरकारी हायस्कूलमध्ये पॉवेल या मुख्याध्यापकांच्या हाताखाली ते शिकले. हेच विद्यालय पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज झाले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद त्यांनी भूषवले, आणि १८८७ साली मद्रासला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मराठी वाचकांना त्यांची ओळख असावी ती बडोद्याच्या निमित्ताने. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा एक शेतकरी मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक आला. त्या वेळी त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. हेच पुढचे महाराज सयाजीराव. राज्यकारभार म्हणजे काय, हे त्यांना समजावून देण्यासाठी माधवरावांनी जी व्याख्याने दिली ती १८८१ साली 'मायनर हिंट्स' या नावाने इंग्रजीत ग्रंथरूप झाली. कवळाण्याचा मराठी मुलगा, कुंभकोणमचा मराठी दिवाण आणि दोघांच्या मधली मद्रासमध्ये घडलेली इंग्रजी. बारा वर्षांच्या वयापर्यंत अक्षरओळख नसलेल्या त्या मुलाने अवघ्या पाच-सहा वर्षांत ही व्याख्याने समजून घेतली, आणि पुढे १९०६ साली आपल्या संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.

हा इतिहास हीरकमहोत्सवी स्मरणिकेत सांगण्याचे कारण उघड आहे. गेली काही वर्षे मराठी शाळेच्या दारात प्रवेशासाठी आलेला पालक पहिला प्रश्न इंग्रजीविषयी विचारतो, आणि उत्तराने समाधान झाले नाही तर मुलाचा हात धरून शेजारच्या इंग्रजी शाळेकडे वळतो. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी पाचवीत ए-बी-सी-डी गिरवली, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतील वाक्ये उलटसुलट केली आणि रेन-मार्टिनच्या तांबड्या पुस्तकातील उदाहरणे सोडवली, त्यांच्यातीलही अनेकांनी आपल्या मुलांसाठी हीच वाट धरली आहे. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले, तरी ही ओढ ओसरलेली नाही. पालकांच्या चिंतेला खोटे म्हणता येणार नाही. चुकीचा आहे तो तिच्यामागचा समज, की मराठी जेवढी दूर ठेवावी तेवढी इंग्रजी जवळ येते. इंग्रजीच्या तासाला मराठीचा एकही शब्द उच्चारू नये असा दंडक कित्येक ठिकाणी पाळला जातो. अशा वर्गात 'शिक्षक दिन'चा विग्रह कोणी करावयाचा? आणि तो झाला नाही, तर खूण कोठे द्यावी हे मुलाने कशावरून ठरवावयाचे? ज्या वर्गात सामान्यरूप, अनुस्वार आणि षष्ठी तत्पुरुष नीट शिकवले गेले आहेत तेथे इंग्रजी षष्ठीला एक तासिका पुरते. जेथे ते शिकवलेले नाहीत तेथे दहावीपर्यंतही ती खूण फुलपाखरासारखी एसभोवती भिरभिरत राहते.

अनेकवचनाविषयी थोडेसे. इंग्रजीने मद्रासकडून अनेक शब्द उचलले. लाकडे बांधून केलेल्या कोळ्यांच्या तराफ्याला तमिळमध्ये 'कट्टुमरम्' म्हणतात. त्याचे अनेकवचन 'कट्टुमरंगळ्'. इंग्रजीत तो 'कॅटामरान' झाला आणि अनेकवचनाला निमूटपणे एस घेऊ लागला. मराठीनेही इंग्रजीला एक प्राणी दिला आहे : मुंगूस. इंग्रजी 'मंगूस' हा शब्द मराठीतूनच गेला आहे. हंसवाचक 'गूस' या शब्दाचे अनेकवचन स्वर पालटून 'गीस' होते, म्हणून मुंगसाचेही तसेच होत असावे असे वाटून अनेकजण फसतात. पण मराठीतून गेलेला पाहुणा इंग्रजांच्या जुन्या कुळातला नाही. त्याला साधे 'मंगूसेस' हेच अनेकवचन शोभते. मराठीत तीच 'मुंगुसे'. उलट दिशेने आपल्याकडे आलेल्या शब्दांनाही आपण हाच न्याय लावला आहे. बँका, सायकली, पेन्सिली, फायली ही अनेकवचने आपण आपल्या चालीने केली. अलीकडे मात्र 'फोटोज' आणि 'टीचर्स' असे इंग्रजी अनेकवचन मराठी वाक्यात ऐकू येऊ लागले आहे, आणि ते कानाला खटकते.

चेन्नईच्या रस्त्यांवरून फिरताना या खुणेची आजची अवस्थाही दिसते. १७८८ साली मद्रासला आलेल्या थॉमस पॅरी या व्यापाऱ्याच्या नावाचा 'पॅरीज कॉर्नर' अजून तेथे आहे. तमिळ लोक त्याला 'पारिमुनै' म्हणतात, म्हणजे षष्ठी गाळून सरळ समास करतात. समुद्रकिनाऱ्यासमोरच्या 'क्वीन मेरीज कॉलेज'ने आपली खूण जपली आहे. १८४४ साली स्थापन झालेले हिगिनबॉथम्स हे देशातील सर्वांत जुने चालू पुस्तकालय मानले जाते. त्याच्या नावातील एस टिकला आहे, वरची खूण मात्र नाहीशी झाली आहे. इंग्रजीच्या माहेरीही असेच चालले आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या एकाच मार्गावर 'अर्ल्स कोर्ट' हे स्थानक खुणेसह लिहितात आणि त्याच्या लगतचे 'बॅरन्स कोर्ट' खुणेविना. अमेरिकेच्या सरकारी भूनाम मंडळाने १८९० सालापासून स्थळनामांतून ही खूण वगळण्याचे धोरण ठेवले आहे. 'मार्थाज विनयार्ड' या बेटासारखे मोजकेच अपवाद तिने मिळवले. खुणेच्या रक्षणासाठी २००१ साली जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने इंग्लंडमध्ये एक संस्था काढली, आणि २०१९ साली वयाच्या नव्वदीत ती बंद केली. शालेय परीक्षेत मात्र खुणेचे गुण अजून आहेत, आणि अण्णा सालै रस्त्यावरील हिगिनबॉथम्सच्या त्या खुणेविना फलकाखालून आत गेलेल्या मुलाला इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक उघडल्यावर ती खूण पुन्हा भेटतेच.